सकाळी अडणारा गिअर

आमच्या सासरी नुसतं ‘तेल’ म्हटलं की ते खोबरेल. बाकीच्या तेलांना पूर्ण नावानं हाक मारावी लागे: गोडं तेल, एरंडीचं तेल, घासलेट तेल. नुसतं तेल म्हणजे आपलं, वाडीतल्या नारळांचं. माझं माहेर उमेळ्याचं, खाडीच्या अंगाचं, भातशेतीचं. तिथे खोबरेल म्हणजे आईच्या फळीवरची एक बाटली, आणि आम्हा बहिणींच्या तळव्यांवर पडणारे चार-चार थेंब. लग्न होऊन वसईतल्या पापडीच्या पलीकडे, समुद्राकडच्या वाडीत आले तर इथे डबेच्या डबे. रहाटाच्या आसाला तेल, बैलांच्या शिंगांना तेल, दारांच्या बिजागऱ्यांना तेल, पोरांच्या टाळूला तेल. पहिले काही महिने मला वाटे, या माणसांना काही जिवाला लागतं की नाही. मग मीही त्यांच्यातली झाले, आणि नवा मुसलमान जसा बांग जोरात देतो तशी त्यांच्याहून चार पावलं पुढे गेले.

लढाई संपून पाच-सहा वर्षं झाली होती. आमच्या ह्यांनी कुठूनशी एक जुनी विलायती मोटार आणली. मागची सीट काढून ओटीवर ठेवली आणि त्या जागी विड्याच्या पानांच्या टोपल्या रचायची सोय केली. आमच्या वाडीतली पानं नि केळी वसई रोडला जायची, तिथून सकाळच्या आगगाडीनं पुढे. बैलगाडी असताना माणसाला मध्यरात्री उठावं लागे. मोटार आल्यापासून उजाडता उजाडता निघालं तरी चाले. हे खूष होते. मामंजी नव्हते. ते ओटीवरच्या त्या सीटवर कधी बसले नाहीत, शेजारी जमिनीवर बसत. “बैलाला बरं नसलं तर तो मान टाकतो, कळतं,” ते म्हणत. “हिला काय होतंय ते हिलाच ठाऊक.”

भाद्रपदातली एक उकाड्याची दुपार. हे मोटारीखाली उताणे पडून गिअरबॉक्सचं जुनं तेल सोडत होते. ते झालं, खालचं बूच लागलं, आता बाजूच्या भोकातून नवं भरायचं. तेवढ्यात रहाटाची माळ तुटली म्हणून मामंजींनी हाक मारली. हे उठले, आणि पळता पळता मला म्हणाले, “अगं, ओटीवर तेल आहे ते भर. भोकातून बाहेर यायला लागलं की थांब, बूच घट्ट लाव.”

ओटीवर दोन डबे. एकात काळं, चिकट, जळक्या वासाचं काहीतरी. दुसऱ्यात आपलं तेल. कुठल्याही शहाण्या बाईनं हाक मारून विचारलं असतं की कुठलं. मी शहाणी असल्यामुळे विचारलं नाही. ते काळं म्हणजे आत्ताच काढलेलं जुनं तेल, हे तर उघड होतं. नवऱ्याची एवढी लाडकी मोटार, तिला आपण नेसूचं पातळ गहाण पडलं तरी बेहत्तर पण चांगलंच तेल घालणार. मी खोबरेल फडक्यातून गाळून घेतलं. गाळून. केळीच्या पानाची नळी केली आणि दोन तांबे भरून हळूहळू ओतलं. वर त्या काळ्या रसायनाचं काय करावं म्हणून गोठ्याच्या खांबांना फासलं, तर वाळवी गेली. सासूबाईंनी आठवडाभर माझं कौतुक केलं.

दसरा गेला, दिवाळी गेली. मोटार रेशमासारखी चालली. “नव्या तेलानं केवढा फरक पडलाय,” असं हे स्वतः म्हणाले. मी मान डोलावली.

मार्गशीर्षात थंडी पडली. वसईची थंडी ती काय, पण पहाटे पाय जमिनीला टेकवत नाही इतपत असते. आणि एके सकाळी गिअरचा दांडा जागचा हलेना. ह्यांनी दोन्ही हातांनी ढकलून पहिला टाकला. दुसरा टाकायला गेले तर आतून कर्रर्र, कढई खरवडल्यासारखा आवाज. आवाज आला तरी गिअर नाहीच. सगळी वाट पहिल्यातच रडत-ओरडत मोटार स्टेशनात गेली, तोवर आगगाडी निघून गेलेली. पानं परत आली. पान एक दिवस राहिलं की त्याचं तेज जातं, मग ते कोणी हातात धरत नाही.

असं पंधरा दिवसांत तीनदा झालं.

तिसऱ्यांदा टोपल्या परत आल्या त्या दुपारी मामंजी जेवता जेवता म्हणाले, “पौषातली अमावास्या होईतो बघतो. मग मोटार विकायची नि बैलगाडी जुंपायची.”

“मग मला वाडीत ठेवून काय करणार?” हे म्हणाले. “दादरचा मावसभाऊ केव्हाचा बोलावतोय, त्याच्या वर्कशॉपात. मी जाईन तिकडे.”

“जा.”

“जाईन.”

बाप-लेकांचं बोलणं एवढंच. वाढता वाढता माझा हात थांबला. शेजारच्या वाडीतल्या एकीचा नवरा असाच मुंबईला गेला होता. आधी दर शनिवारी यायचा, मग महिन्यानं, मग गणपतीला. ती बाई मात्र दर शनिवारी संध्याकाळी वेणी घालून, अबोलीचा गजरा माळून बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, कडेला उभी राहायची, कपडे धुवायला आल्याचं सोंग करून. कोण संध्याकाळी कपडे धुतं? मला तो गजरा काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. मोटार गेली की हे जाणार, आणि मी बावखलाच्या कडेला.

तेव्हापासून मला एका जागी बसवेना. भाकरी थापताना कान बाहेर. केर काढायला घेतला की झाडू हातात धरून मोटारीभोवती एक फेरी. जणू मी बघितल्यानं ती लाजून सुधारणार होती.

ह्यांनी पापडीच्या मिस्त्रीला बोलावलं. ख्रिस्ती माणूस, लढाईत लष्करी ट्रक दुरुस्त करून आलेला, हुशार. एकच खोड: दुपारचं जेवण आणि नंतरची झोप झाल्याशिवाय तो स्वतःच्या सासऱ्याकडेही गेला नसता. उन्हं कलायला लागल्यावर सायकलीवरून आला.

“इंजिन बंद ठेवा,” तो म्हणाला. “आता टाका गिअर.”

ह्यांनी टाकला. पहिला, दुसरा, तिसरा. सगळे पडले.

“लोण्यासारखे पडतात की.”

“सकाळी नाही पडत.”

“मग सकाळी नका टाकू.”

हे हसले नाहीत. मग मिस्त्री जरा सरळ झाला. रहाटाकडे बोट करून म्हणाला, “हे बघा. बैल चालतोय, आडवं चाक गरगर फिरतंय, अशात उभं चाक त्याच्या दातांत बसवायला जा. हात तुटेल. आधी काय करायचं? बैल थांबवायचा. क्लच म्हणजे बैल थांबवणं. तो पुरता सुटत नसेल तर इंजिन चालू असताना करकर होणार, बंद असताना होणार नाही. आणि बंद असतानाही दांडा हलत नसेल, तर क्लच बिचारा निर्दोष. मग पेटीच्या आत शोधायचं.”

“सकाळी बंद असतानाही हलत नाही.”

“मी तर हलताना बघतोय.” त्यानं क्लचचं पेडल दाबून बघितलं, खाली शिरून कसलासा नट पिळला. मग विचारलं, “पेटीत तेल कधी घातलंत?”

“भाद्रपदात. नवं कोरं.”

“काठोकाठ,” मी चहा घेऊन दारात उभी होते ती म्हणाले.

“वैनींनी भरलं?”

“मीच.”

“मग तो प्रश्न मिटला,” असं म्हणून मिस्त्रीनं बशी तोंडाला लावली. आज हे लिहिताना वाटतं, उठून दारातल्या त्या पोरीच्या पाठीत एक धपाटा घालावा.

मिस्त्री आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा दुपारनंतर, दोन्ही वेळा गिअर शहाण्या पोरासारखे. मामंजी जमिनीवर बसून बघत होते. “वैद्य आला की ताप पळतो, असं एक सोंगाडं पोर असतं बघा,” ते म्हणाले, आणि ते मोटारीबद्दल बोलताहेत की ह्यांच्याबद्दल ते कळेना. शेवटी मिस्त्री म्हणाला, “मोटारीत खोट नाही. हात नीट बसवा. क्लच दोनदा दाबायचा. एकदा दाबून गिअर काढायचा, सोडायचा, थोडी रेस द्यायची, पुन्हा दाबून पुढचा टाकायचा.” त्या संध्याकाळी हे पाटावर बसून, उलथनं धरून, डाव्या पायानं जमीन दाबत सराव करत होते. पिठल्याचं उलथनं. मी मागितलं तर म्हणाले, “थांब, तिसऱ्यात आहे.”

सकाळी पुन्हा तेच. कर्रर्र.

अमावास्येला आठ-नऊ दिवस राहिले असतील. मी सकाळी न्हाऊन केसांना लावायला फळीवरची बाटली घेतली, तळव्यावर उपडी केली. काही येईना. बुडावर थापट्या मारल्या. आत पांढरं, घट्ट, मेणासारखं.

“अगो, उन्हात ठेव ती,” सासूबाई चुलीपाशून म्हणाल्या. “आत्ता कुठली येते. दुपारी येईल.”

दुपारी येईल.

बाटली हातात धरून मी तशीच उभी. आणि असं नाही हं, की खोबरेल थंडीत गोठतं हे मला तेव्हा नव्यानं कळलं. जन्मापासून ठाऊक होतं. उमेळ्याला आमची आई थंडीत बाटली चुलीच्या ओट्यावर ठेवायची. पण ते डोक्याचं तेल. मोटारीत गेल्यावर ते मोटारीचं झालं, आता त्याला कशाला थंडी वाजेल, असं माझ्या त्या वेळच्या मेंदूचं गणित.

आता कोणीही म्हणेल, जाऊन सांगायचं. मी ओटीपर्यंत तीनदा गेले. हे मोटारीत डोकं घालून बसलेले. सांगणार काय? तुमची अब्रू महिनाभर चव्हाट्यावर आहे ती माझ्या दोन तांब्यांमुळे? मामंजींना कळलं तर पापडीच्या बाजारापर्यंत गोष्ट जाणार, तिथून उमेळ्याला माझ्या बापाच्या कानावर. मी परत आत आले. परत बाहेर गेले. सासूबाई म्हणाल्या, “पायाला भिंगरी बांधलीय का?”

रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होऊन मी जी युक्ती काढली ती ऐका. पहाटे चूल पेटवायला मीच पहिली उठायची. नारळाच्या सोडणांचे निखारे घमेल्यात घेतले, वर राख पसरली, आणि घमेलं मोटारीखाली बरोबर गिअरबॉक्सच्या पोटाशी सरकवलं. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवतात ना, तसं. त्याच मोटारीच्या पाठीला पेट्रोलची टाकी होती, हे मला माहीत होतं. पण ती मागे होती आणि निखारे पुढे, म्हणजे काळजी नको.

ह्यांनी इंजिन चालू केलं. दांडा धरला, दात-ओठ खाऊन ढकलला, आणि तो इतका सहज गेला की ह्यांचं कोपर समोर आपटलं. दुसरा पडला. वळणापर्यंत तिसरा पडला. मी दारामागे, घमेलं पदराखाली.

आगगाडी मिळाली. परत आले ते वेगळाच माणूस. “दोनदा क्लच,” आईला म्हणाले. “सगळी हातातली युक्ती आहे.” मामंजींना म्हणाले, “मोटारीला दोष देऊन काय उपयोग, आपला हात सुधारायला हवा.” स्टेशनातल्या हमालांनाही सांगून आले होते. दुपारी मला पाटावर बसवून, उलथनं हातात देऊन समजावलं, की दांडा ढकलायचा नसतो, नुसता सुचवायचा असतो.

“हं,” मी म्हणाले.

त्या ‘हं’ची मला आजही लाज वाटते. हसू आधी येतं, लाज मागून.

चार दिवस मी मोटार शेकली. चार दिवस ह्यांची छाती वाढत गेली. पाचव्या दिवशी मामंजी पाणी लावायला नेहमीपेक्षा लवकर उठले, आणि त्यांना मोटारीखालून धूर निघताना दिसला. त्यांनी हाक नाही मारली, ओरडले नाहीत. बैलांच्या पाण्याची बादली उचलली आणि सरळ खाली ओतली. निखारे असे फुसफुसले की हे बिछान्यातून उठून धावले, मागून सासूबाई. मी चिमटा हातात घेऊन उभी.

त्या काळी सून सासऱ्यांशी दाराआडून बोलायची. आता दार कुठलं? मी पदर पुढे ओढला आणि मोटारीच्या आड झाले.

“हे काय चाललंय?” मामंजींनी विचारलं.

“शेकत होते.”

“कोणाला?”

“गिअरबॉक्सला. आतलं तेल गोठलंय.”

“मोटारीचं तेल कधी गोठतं का?” हे म्हणाले. “कसलं तेल?”

माझ्या तोंडून कसाबसा एक शब्द आला. “आपलं.”

मग सासूबाईंनी विचारलं, “किती?” त्यांना तेवढीच काळजी.

त्या दिवशी मिस्त्रीला मामंजींनी स्वतः जाऊन झोपेतून उठवून आणलं, उन्हं यायच्या आत. त्यानं खालचं बूच काढलं. काही पडेना. तार घालून ढवळलं तेव्हा पांढरा गोळा बाहेर आला, खरवसासारखा थरथरत, मधे लोखंडाचा करडा चुरा. मिस्त्रीनं बोटावर घेऊन वास घेतला. “घरचं आहे,” म्हणाला. “वैनी, मोहरी-कढीपत्ता राहिला.” मामंजी हसले. मोटार आल्यापासून पहिल्यांदा ते तिच्याकडे बघून हसले, आणि पाठ टेकायला काही सापडेना म्हणून ओटीवरच्या त्या सीटवर बसले.

हे हसले नाहीत. चार दिवस आपण ज्याला हाताची युक्ती म्हणत होतो ते काय होतं, हे त्यांना माझ्या एका शब्दात कळलं होतं. ते माझ्याकडे न बघता हात पुसत राहिले.

नवं, योग्य, काळं तेल पडलं. संध्याकाळी मामंजी म्हणाले, “राहू दे मोटार. तिचा काही गुन्हा नाही.”

“मोटार राहू दे,” हे म्हणाले. “माझं मी बघतो.”

दुसऱ्याच दिवशी दादरच्या भावाचं कार्ड आलं: जागा आहे, सोमवारपर्यंत येऊन लाग. ते कार्ड ह्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवलं. तीन दिवस ते माझ्याशी बोलले ते असं: मीठ, पाणी, दार. मी भांडी घासलेली पुन्हा घासली. स्टेशनातून मोटार परत येताना वळणावर गिअर बदलल्याचा आवाज ऐकू येई, मऊ, नुसता स्वर खाली येऊन वर जाई. तो ऐकून बरं वाटायच्या ऐवजी धडकी भरे. मोटार बरी झाली, आता थांबायला कारण काय?

चौथ्या दिवशी सकाळी टोपल्या भरून झाल्यावर हे म्हणाले, “बस.”

“कुठे?”

“पुढे. कुठे काय.”

सगळ्या वाडीदेखत, सकाळी सकाळी, डोक्यावर पदर घेऊन मी नवऱ्याशेजारी मोटारीत बसले. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आत गेल्या. पापडी मागे पडली. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, “तेल घातलंस त्याचं काही नाही. मी कुठलं ते सांगितलं नव्हतं. पण कळलं तेव्हा का नाही बोललीस? चार दिवस मला गावभर मिरवू दिलंस.”

भीती वाटली म्हणणार होते. तेही खरंच होतं. पण तोंडातून दुसरंच निघालं. “तुम्ही इतके खूष होता. आणि उलथनं धरून तुम्ही फार छान शिकवत होता.”

मोटार तशीच चालली होती. त्यांच्या तोंडाकडे बघायचं धाडस होईना, म्हणून दांड्यावरच्या हाताकडे बघत बसले. तो हात हलायला लागला. मला वाटलं, रागानं. मग आवाज आला, तो हसण्याचा होता. हसता हसता त्यांनी चढावर गिअर टाकला आणि चुकीचा टाकला. काळं तेल असूनही कर्रर्र झालंच.

“आता हे कोणाचं तेल?” मी म्हणाले.

“गप्प बस.”

दुपारी ह्यांनी खिशातलं कार्ड काढलं, आणि एक कोरं कार्ड माझ्यापुढे टाकलं. घरातली पत्रं मीच लिहायची, ह्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. दौत-टाक घेऊन मी खाली बसले, ते खांबाला टेकून सांगायला लागले. वडिलांची प्रकृती, पानांचा हंगाम, तुझे उपकार. मग जरा थांबले, बाहेर मोटारीकडे बघितलं, आणि म्हणाले, “लिही, सध्या येणं जमणार नाही.”

मी लिहिलं, येणं जमणार नाही.

“लिहिलंस?”

“लिहिलं.”

“वाच.”

मी वाचलं. ‘सध्या’ मोठ्यानं, नीट वाचला, कार्डावर तो नसला तरी. ह्यांनी कार्ड हातात घेतलं, शाई वाळेपर्यंत धरून ठेवलं, त्यावरून एकदा नजर फिरवली की नाही ते मला अजून सांगता यायचं नाही, आणि टपालपेटीत टाकायला स्वतः निघाले.